खोंडाची खांदमळणी

ता. ५, मंगळवार

सगळ्यात आधी आली ती सुंदरबाई. माझं अंगण झाडायचं होतं, हातात खराटा तसाच, अन् ही दारात उभी. डोक्यावर पदर, दातात मिश्री, अन् तोंड असं गोड की मी मनात म्हणलं, हिला काहीतरी पायजे.

"बाई, उज्ज्वला उठली का?"

"उठून रानात बी गेली. का गं?"

"न्हाई, म्हणलं गोठ्यामागचं गवत कापून पडलंय आमचं. तुमच्या त्या... ह्याच्यात येईल का आणता?"

'ह्याच्यात' म्हणे! नाव घ्यायला जीभ जड झाली. सुंदरबाई म्हणजे माझी चुलत जाऊ, अर्जुनरावाची बायको. उन्हाळ्यात माझ्या लेकानं, जीवननं, हा छोटा ट्रॅक्टर घेऊन दिला तवा हीच बाई गल्लीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललती, "अगं बया, खेळणं आणलं का नातीला?" त्यांचा ट्रॅक्टर मोठा हाय, डोंगराएवढा. पण पावसात आमच्या काळ्या रानात तो गेला की फसतो, बोळात वळत न्हाई, कपाशीच्या ओळीत शिरत न्हाई. माझा शिरतो. माझा कुठंबी शिरतो. मी त्याला खोंड म्हणते. बैलाचं कसं, जू लावायच्या आधी खोंड असतं, अंगानं लहान अन् मस्तीनं भरलेलं, तसंच दिसतं ते. लाल रंगाचं, पुढं दोन दिवे डोळ्यांसारखे. मला तर सकाळी उठून आधी त्याच्याकडं बघावं वाटतं. हसू नका कोणी.

पण सुंदरबाईचा राग आलाच. चांगलं सुनवावं म्हणलं होतं. तितक्यात सुग्रीव आला, मेंढरं राखतो तो, त्याला फवारणीची टाकी माळावर न्यायची होती. मग आणखी एकजण आला दळणाची पोती घेऊन. ओसरी भरली. मला माणसं आली की बरं वाटतं. आमचे मालक गेल्यापासून ह्या ओसरीवर कोण येत होतं? चहा टाकला, सगळ्यांना हो म्हणलं. सुंदरबाईला बी हो म्हणलं, पण साखर कमी घातली.

उज्ज्वला, माझी सून, दुपारी रानातून आली. तिला सांगितलं, आता गवत, मग टाकी, मग पोती. ती म्हणाली, "बरं आत्याबाई." अन् घागरीतलं पाणी तांब्यावर तांब्या पिऊन परत गेली. गुणाची हाय.

ही वही नात स्वप्नालीनं दिली. बीडला कॉलेजात असते. म्हणाली, आजी, तू फोनवर माझा कान खातीस, ते लिहीत जा, सुट्टीत आले की वाचीन. मी तिसरी शिकलेली. वाचशील तवा चुका काढू नको.

ता. ८, शुक्रवार

आज लई संतापले, त्याआधी चांगलं लिहिते.

उज्ज्वलानं कपाशीत पाळी घातली, ओळींमधलं तण काढलं. मी बांधावर बसून बघत होते. दोन्ही चाकं दोन ओळींच्या मधून, एक पान मोडलं न्हाई. मागं काळी माती अशी भुसभुशीत पडत जाते की हात घालावा वाटतो. बांधापाशी आली की मागचं कोळपं उचलती, गर्रकन् वळती, परत खाली. पायात तिचे रबरी बूट, डोक्याला टॉवेल. लग्न होऊन आली तवा सायकलवर बसायला भ्यायची ही पोरगी. जीवन चाकणला कंपनीत, सणाला येतो. ट्रॅक्टर शिकवला कोणी? अर्जुनरावाच्या तानाजीनं. माळावर नेऊन शिकवला, ते मात्र खरं.

आता संताप. येताना मारुतीच्या पारावरून आलो. ती चालवत होती, मी मागं ट्रॉलीत गवतावर बसलेले. पारावर विजयसिंह बसलेला, पांढरे कपडे, सोसायटीत काहीतरी हाय तो, अर्जुनरावाचा उजवा हात. मोठ्यानं म्हणतो, "बाजूला व्हा बे, बायकांची एसटी आली!" अन् सगळे खी खी करून हसले. त्यात तो सुग्रीव बी हसला, ज्याची टाकी परवा आम्ही माळावर नेऊन दिली! मी ट्रॉलीतून ओरडले, "सुग्रीव, तुझी टाकी रिकामी झाली की डोक्यावर घेऊन खाली ये!" उज्ज्वलानं मान बी वळवली न्हाई. मी तिला म्हणलं, तू कावून बोलत न्हाईस गं? म्हणाली, "समोर बघून चालवावं लागतं आत्याबाई."

जेवताना घास हातातच ठेवून डुलक्या काढत होती. मी हलवलं. म्हणाली भूक न्हाई. पावसाळ्यात होतंच तसं, भूक मरते.

उद्या दोन घरी हो म्हणलंय.

ता. १३, बुधवार

अर्जुनराव आला होता. गावचा पुढारी. नात्यानं दीर, मी भावजी म्हणते. कडक कपडे, मनगटात कडं, बोलायला लागला की असं वाटतं माईक समोर हाय. माझ्या घरी किती दिवसांनी आला! मी सतरंजी टाकली, शेजारून दूध आणलं. तो म्हणाला, "वैनी, यंदा पोळ्याला ज्यांचे बैल न्हाईत त्यांनी ट्रॅक्टर आणायचे, धुऊन, हार घालून. मारुतीला फेरी घालायची. तुमचा बी आणा."

मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. आमची बैलजोडी मागल्या वर्षी म्हातारी होऊन गेली. मागचा पोळा मी दार लावून बसलते, हलगी ऐकवत न्हवती. म्हणलं, "आणते की भावजी! उज्ज्वलाला नवी साडी नेसवून—"

"न्हाई न्हाई," तो म्हणाला, "चालवायला तानाजी यील. पोळ्याच्या मिरवणुकीत बाईमाणूस बरं न्हाई दिसत."

मी म्हणलं, कुणाला बरं न्हाई दिसत?

तो हसला. "वैनी, तुमी जुनी माणसं, तुमाला सांगायला पायजे का? रानात चालवती ते एक झालं. गावात, देवासमोर, चार लोकांत? आन् खरं सांगू का, कायमचाच तानाजीच्या हाती द्या. तुमचं काम बी व्हईल, लोकांचं बी व्हईल. सुनंला कशाला त्रास?"

सुनंला त्रास! ह्याच्याच बायकोचं गवत कालपरवा कुणी ओढलं? मी इतकी चिडले की कपबशी उचलून आत आणली, अर्धा चहा होता त्याच्या कपात. तो बघतच राहिला. दारातून म्हणलं, "तानाजीला सांगा, त्याच्या बापाचा ट्रॅक्टर चालव." मग जिभेला चटका बसला, कारण बाप समोरच बसलेला. जाऊ द्या. बोलले ते बोलले.

उज्ज्वला आतून सगळं ऐकत होती. मी म्हणलं, तूच चालवणार पोळ्याला. ती म्हणाली, "तानाजीनं चालवला तरी चालेल आत्याबाई, मी घरी पुरण करीन." मी म्हणलं, गप. पुरण मी करीन.

ता. १७, रविवार

देवानं माझं ऐकलं. पाऊस लई झाला, अर्जुनरावाची पांढरी गाडी ओढ्याच्या उतारावर चिखलात रुतली. मोठा ट्रॅक्टर आणला तर तो बी अर्धं चाक खाली गेला. शेवटी तानाजी पळत आला, "मोठी आई, वैनीला पाठवा." मी म्हणलं, मी बी येते. ही मजा सोडते का मी!

उज्ज्वलानं दोर बांधला, खोंडाला हळूच कडेच्या मुरमावर घेतलं, अन् गाडी अशी बाहेर काढली जशी भाकर तव्यावरून. अर्जुनराव गाडीत बसलेला, काच वर केलेली. विजयसिंह मागून ढकलत होता, पार गुडघ्यापर्यंत चिखल. मी म्हणलं, "विजयसिंह, बायकांची एसटी वेळेवर आली का?"

अर्जुनराव खाली उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, हे पारावर बोलू नका."

मी म्हणलं, बोलणार न्हाई. पण पोळ्याला ट्रॅक्टर माझी सून चालवणार.

चिखलानं भरलेल्या गाडीकडं बघून म्हणाला, बरं.

आज भाकरी दोन जास्त खाल्ल्या मी.

ता. २१, गुरुवार

आज खांदमळणी. नात शिकलेली हाय, पण तिला ठाऊक असंल का नसंल म्हणून लिहिते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद अन् लोणी चोळायचं. वर्षभर जू ओढून तिथं घट्टे पडलेले असतात. चोळता चोळता त्याला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आमचा पाखऱ्या ह्या दिवशी डोळे मिटून उभा राहायचा. लेकरासारखा.

आता खोंडाला ते नको का? ह्यानं बी उन्हाळ्यापासून ओढलंय. पण खांदा कुठं शोधायचा? उज्ज्वला डाळ निवडत होती, तिला विचारलं. ती हसली, लई दिवसांनी हसली. म्हणाली, "आत्याबाई, त्याला खांदा न्हाई, पायडल हाय. सगळा जोर तिथंच."

ती दळण घेऊन चक्कीवर गेली अन् मी वाटीत लोणी घेतलं, घरचं, परवाच काढलेलं. हळद घातली. वर चढायला त्रास झाला, गुडघा कुरकुरला. पण बघते तर तिचं म्हणणं खरंच. पायडलावरचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, अगदी बैलाच्या खांद्यासारखं. मला भरून आलं. सगळ्या पायडलांना चोळलं, चांगलं मुरेपर्यंत. उरलेलं बोनटला बोटभर लावलं, कपाळ समजून. म्हणलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

पदराला हात पुसून उतरले. मनातून इतकं निवांत वाटलं. उज्ज्वलाला सांगितलं न्हाई, ती परत हसली असती.

ता. २२, शुक्रवार, पोळा

संतापानं लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

सकाळी सगळं चांगलं होतं. तानाजी धुवायला मदतीला आला. मी नको म्हणत होते, तरी पाइप घेऊन उभा. बोनट उघडलं, आत हात घातला, कसलीशी वायर चाचपली. म्हणाला, वैनी, बघून घेतलं, सगळं ठीक हाय. मी तेव्हाच ओळखायला पायजे होतं.

हार घातला, गोंडे बांधले, पुढच्या दिव्यांना हिंगूळ लावला, बैलाच्या शिंगांना लावतात तो लाल रंग. उज्ज्वला हिरव्या साडीत. पायात तिचे बूट घालायला लागली तशी मी ओरडले, देवाच्या दारी बूट? तिनं काढले. अनवाणीच चढली. काय दिसत होती! मी तिच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. घरापासून पारापर्यंत मी शेजारून चालत होते, पुढं हलगी, बैलांची शिंगं रंगवलेली, अन् त्या सगळ्यात माझं लाल खोंड. बायका दारात येऊन बघत होत्या. चंद्रभागाबाई वाड्यावरची, कधी बोलत न्हाई कोणाशी, तिनं सुद्धा कुंकू लावलं बोनटला.

मारुतीपाशी गर्दी थांबली. पुढं सुग्रीवची बैलं, मग तानाजीची जोडी, मग आम्ही. गिअर टाकलेला, उज्ज्वला क्लच दाबून थांबलेली. अर्जुनराव फेटा बांधून पाराच्या पायरीवर, हातात माईक. म्हणत होता, आपल्या गावाची परंपरा. अन् तेवढ्यात खोंडानं उडी मारली.

उडीच. दुसरा शब्द न्हाई. पुढं धसकन् गेलं, तानाजीची बैलं उधळली, मंडपाचा खांब कलला, कर्णा खाली, अन् अर्जुनराव माईकसकट पायरीवरून मागं. त्याचा फेटा चिखलात. उज्ज्वलानं दोन्ही हातांनी चावी फिरवून बंद केलं, तवा कुठं थांबलं. देवाची कृपा, कुणाला लागलं न्हाई. एका बैलाचं ढोपर खरचटलं.

विजयसिंह ओरडला, "तरी म्हणलं होतं! बाईचा पाय!"

मग सगळंच गाव. बाईचा पाय, बाईचा पाय. तिच्या पायाकडं बोटं दाखवून. ती खाली उतरली, तिनं आपला तळपाय उलटा करून बघितला, मग माझ्याकडं बघितलं, अन् मान खाली घातली. मला वाटलं भूमी फाटावी. माझ्या सुनंनं मान खाली घालावी, ह्या लोकांपुढं?

मी सोडते का. तानाजी बैल आवरून आला तसं मी त्याची कॉलर धरली. म्हणलं, "तू सकाळी आत हात घातलास! तूच काहीतरी केलंस! बापाला चालवायला पायजे म्हणून माझ्या लेकीसारख्या सुनंचं नाक कापलंस!" आणखी बी बोलले, ते लिहीत न्हाई. तो मारुतीसमोर माझ्या शिव्या ऐकत उभा. एक शब्द बोलला न्हाई. चोर बोलेल कसा?

ट्रॅक्टर त्यानंच घरी आणून लावला. मी डोळा ठेवून होते. खाली उतरला अन् बुटाचा तळ गवतात घासत बसला, उचलून बघितला, परत घासला. उज्ज्वला दारात होती, तिच्याकडं बघून काहीतरी बोलणार होता. तिनं मान हलवली, न्हाई म्हणून. हिला भीती वाटते ह्या लोकांची, दुसरं काय.

पुरणपोळी कोणी खाल्ली न्हाई.

ता. २३, शनिवार

ओसरीवर कोणी आलं न्हाई. चहाचं भांडं पालथंच. ट्रॅक्टर सोप्यापुढं, हार वाळला.

जीवनचा फोन. मला वाटलं बायकोला धीर देईल. म्हणतो, "आई, काका म्हणतात ते बरोबर हाय. लोक नावं ठेवतात. कुणाचा जीव गेला असता तर? तानाजीला देऊ चालवायला."

मी म्हणलं, ज्यानं घात केला त्यालाच देऊ?

"आई, पुरावा हाय का?"

मी फोन ठेवला. नऊ महिने पोटात ठेवला तवा पुरावा मागितला न्हवता मी. स्वप्नाली, हे वाचशील तवा बापाला सांगू नको. किंवा सांग.

उज्ज्वला आज दुपारभर झोपली. भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं रडत असंल, पण न्हाई, घोरत होती.

ता. २४, रविवार

अर्जुनराव अन् विजयसिंह आले. तानाजी मागं, दाराबाहेर. सतरंजी टाकली न्हाई. उभ्यानंच बोलले.

"वैनी, गणपतीला जीवन येतोय. तोपर्यंत ट्रॅक्टर हलवायचा न्हाई. मग बसून ठरवू. चावी द्या."

चावी माझ्या कमरेला. मी म्हणलं, "माझ्या कमरेला हात घालून घ्या." अर्जुनराव लाल झाला. विजयसिंह म्हणतो, वैनी, तुमाला मान देऊन बोलतोय. मी म्हणलं, मान देऊन बोलायचं असेल तर आधी ह्यांची गाडी ढकलताना तुला लागलेला चिखल धुऊन ये, अजून घोट्याला हाय.

दाराबाहेर तानाजीला हसू आलं. मी वळून बघितलं तसं तोंड पाडलं. हसतो वर. मी म्हणलं, तू माझ्या दारात पाय ठेवू नको.

ते गेले. माझ्या डोक्यात घण. उज्ज्वला आतून म्हणाली, "आत्याबाई, तानाजीला बोलू नका." मी तिच्यावरच ओरडले, तू कुणाच्या बाजूनं हायस?

ता. २५, सोमवार

काय लिहू अन् कसं लिहू.

सकाळी उज्ज्वला मुगाच्या रानात पायी गेली. मला राहवेना. म्हणलं खोंडापाशी जाऊन बसावं. वर चढले, सीटवर बसले. पोळ्यापासून कोणी बसलं न्हवतं. उगीच स्टेरिंग धरलं, पाय पायडलावर ठेवला, ती कशी दाबती तसा दाबला. अन् पाय असा सटकन् निसटला की छाती स्टेरिंगवर आपटली.

परत ठेवला. परत निसटला.

टाच वर करून बघितली. पिवळी. नाकापाशी नेली. खवट लोण्याचा वास.

किती वेळ बसले ते कळलं न्हाई. मग अंग पेटलं. पहिल्यांदा हळदीचा राग आला, मग लोण्याचा, मग पायडल करणाऱ्याचा, मग देवाचा, की बूट काढायला मला कावून सुचवलंस. उज्ज्वला भारा घेऊन आली तर मी तिथंच, सीटवर, टाच हातात धरून.

"तुला ठाऊक होतं?"

तिनं भारा टाकला. "पारावरच कळलं. तळपाय पिवळा झालता."

"अन् तानाजीला?"

"त्याच्या बुटाला लागलं. मी त्याला न्हाई म्हणलं."

"मग बोलली कावून न्हाईस? सगळं गाव तुला... मी त्या पोराला मारुतीपुढं... कावून न्हाई बोललीस गं?"

ती चिखल खरवडत बसली, पायाचा. म्हणाली, "बोलले असते तर तुमाला हसले असते. तुमी इतक्या मनानं केलतं. मला हसायची त्यांना सवयच हाय."

"अन् ट्रॅक्टर हातातून गेला असता तर?"

"गेला असता." मग थांबून म्हणाली, "निदान झोपले असते."

मला समजंना. झोपली असती? असं कसं बोलते ही? म्हणलं, नीट बोल.

तिनं वर बघितलं. कधी असं बघत न्हाई. "आत्याबाई, मला तो लई आवडतो. कपाशीत असते तवा डोक्यात काहीच नसतं, निस्ती ओळ दिसते. तेवढं माझं असतं. पण तुमी ओसरीवर बसून सगळ्यांना हो म्हणता. गवत, टाकी, पोती, मुरूम. मी रानातून आले की मला कळतं उद्या कुठं जायचंय. अर्जुनकाका म्हणतात चालवू नको. तुमी म्हणता चालव. मला कोणी विचारलं का?"

उतरून आत गेले, चुलीत लाकूड सारलं, जाळ उगीच मोठा केला. दूध उतू गेलं. रागच आला होता, पण कुणावर धरावा ते सापडंना, अन् मला असं कधी झालं न्हवतं.

मग राखेनं अन् गरम पाण्यानं पायडलं मी घासली. ती मदतीला आली तर हाकललं.

ता. २६, मंगळवार

सकाळीच पारावर गेले. सगळे होते. अर्जुनराव, विजयसिंह, सुग्रीव, तानाजी खाली दगडावर. मी म्हणलं, "ऐका. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ट्रॅक्टरची खांदमळणी केली. हळद-लोणी. पायडलाला. बूट बी मीच काढायला लावले. पाय तिचा न्हवता निसटला, माझं डोकं निसटलं होतं."

आधी कोणाला कळलं न्हाई. मग सुग्रीवला कळलं, अन् तो असा हसला की पारावरून घसरला. सगळा पार हसला. माझे कान तापले. पण पळाले न्हाई. तानाजीपाशी गेले. म्हणलं, "लेकरा, मी तुला नको ते बोलले. ह्याच देवासमोर बोलले, म्हणून इथंच सांगते, माझं चुकलं."

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "जाऊ द्या मोठी आई. बूट मात्र अजून वास मारतो."

परत हसले. मला वाटलं झालं, मिटलं. अर्जुनरावाकडं वळून म्हणलं, "भावजी, आता कळलं ना? जीवनला फोन करून सांगा, की तिची काही चूक न्हाई."

अर्जुनराव हसत न्हवता. म्हणाला, "वैनी, लोणी असो न्हाईतर काही असो. आज लोणी झालं, उद्या दुसरं व्हईल. बाईच्या हाती गावात ट्रॅक्टर नको, हे ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"आमी."

म्हणजे पाय निसटला काय अन् न्हाई निसटला काय, ह्यांना फरकच न्हवता! मी चार दिवस जळले, त्या पोराला तोडलं, सून तोंड मिटून बसली, अन् ह्यांनी निस्तं निमित्त धरलं होतं! तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकं ओरडले की देवळातली कबुतरं उडाली. काय ओरडले ते आठवत न्हाई. तानाजी म्हणाला, "बापू, मी न्हाई चालवणार तो." अर्जुनराव म्हणाला, "तू गप बे." अन् माझ्याकडं बोट करून, "जीवन आला की येतो. गुरुवारी. चावी तयार ठेवा."

घरी आले तर मागच्या दारी कोण उभं? सुंदरबाई. पदरानं तोंड झाकलेलं.

"बाई, ते गुरुवारी येणार म्हणतात चावी न्यायला."

"ऐकलं मी."

"न्हाई, त्याच्या आधी... आमचा मूग काढून पडलाय. आभाळ आलंय. मोठा ट्रॅक्टर जात न्हाई त्या रानात. भिजला तर सगळा कोंब धरील."

माझ्या जिभेवर आलेलं, असं काही आलेलं की तिच्या सात पिढ्यांनी ऐकलं असतं. पण ते गिळलं. म्हणलं, "मला कशाला विचारतेस? चालवणारी आत हाय. तिला विचार."

सुंदरबाई बावरली. आत गेली. मी दारातच उभी राहिले. उज्ज्वला भाकरी थापत होती. सुंदरबाईनं पहिल्यांदा तिच्यापुढं हात जोडल्यासारखे केले. "उज्ज्वला, पोरी, येशील का गं?"

उज्ज्वलानं भाकर तव्यात टाकली, पाणी फिरवलं, उलटली. सवडीनं. मग म्हणाली, "येते काकू. उद्या गणपती बसतो, उद्या न्हाई. परवा येते. गुरुवारी, सकाळी सकाळी. तुमी बी चला मूग भरायला."

सुंदरबाई म्हणाली, "गुरुवारी तर हे..." अन् थांबली. उज्ज्वलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पदर कमरेला खोचला अन् म्हणाली, "चलते. डबा बी आणते."

म्हणजे असं. अर्जुनराव, विजयसिंह अन् माझा लेक चावी न्यायला येतील तवा ओसरीवर सतरंजी टाकलेली असंल, पाण्याचा तांब्या भरलेला असंल, अन् घरात चिटपाखरू नसंल. ट्रॅक्टर अर्जुनरावाच्याच रानात असंल. उज्ज्वला त्याच्यावर, बूट घालून. मागं मुगाच्या ढिगावर मी अन् त्याची बायको.

उज्ज्वलाला विचारलं, मला ट्रॉलीत घेशील ना? म्हणाली, घेते.

ते येणार गुरुवारी.